नऊ वर्षांची पोर आणि 36 किलोमीटरचा समुद्र

भाताची कापणी-झोडणी आटोपली असेल, पेंढा रचून झाला असेल, आता जरा टेकायला सवड मिळाली असेल असं धरून आज एक वेगळा विषय घेतलाय. एरवी या वेळेला आम्ही कर्जाचे हप्ते, कोकमाचं पॅकिंग, आंबापोळीचा भाव असलंच बोलतो. आजचा विषयसुद्धा कर्जावरूनच निघाला, पण जाऊन पोचला थेट समुद्रात.

झालं असं, की आमच्या ग्रामसंघातल्या एका गटात एका ताईने अंतर्गत कर्जाची मागणी केली. रक्कम 40 हजार. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मुलीची पोहण्याची मोहीम'. मुलगी 9 वर्षांची, चौथीत. रायगड जिल्ह्यातल्या धरमतरपासून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापर्यंत 36 किलोमीटर समुद्र तिने पोहायचा, असं तिला शिकवणाऱ्या सरांनी ठरवलं होतं. होडीचं भाडं, डिझेल, सोबत पोहणारे दोघं, निरीक्षकाची फी, मुंबईत राहणं-खाणं, सगळा हिशेब कागदावर नीट मांडलेला होता. शेवटी सत्काराच्या फलकाचे 3 हजार वेगळे. म्हणजे पोर पाण्यात उतरायच्या आधीच तिचं अभिनंदन छापून तयार!

एरवी म्हशीचं कर्ज असो की शिलाई मशीनचं, आमच्या बैठकीत दहा मिनिटांत ठराव होतो. त्या दिवशी दीड तास झाला तरी होईना. अर्ध्या जणी म्हणाल्या, द्या पैसे, आपल्या गावातली पोर पेपरात येईल. अर्ध्या म्हणाल्या, एवढीशी पोर दर्यात सोडायची? उद्या काही बरंवाईट झालं तर त्या कर्जावर आपल्या सगळ्यांच्या सह्या असतील. शेवटी अध्यक्षताईंनी विषय महिनाभर पुढे ढकलला आणि आम्हां समन्वयकांना सांगितलं, नीट माहिती काढून आणा. त्या महिन्यात आम्ही डॉक्टरांशी बोललो, पोहायला शिकवणाऱ्यांशी बोललो, नियम शोधले, आणि मुलीशीही बोललो. ते सगळं आज तुमच्यापुढे ठेवतोय, कारण पोहण्याचं नाही तर धावण्याचं, सायकलचं, स्केटिंगचं असं काहीतरी तुमच्याही दारात येणार आहे. 'सर्वांत लहान वयात' हे तीन शब्द हल्ली फार ऐकू येतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. पोरींनी पोहायला शिकावं की नाही, हा आमचा प्रश्नच नाही. शिकावंच. आपल्याकडे खाडी, पऱ्या, विहीर, समुद्र सगळं घराच्या चार पावलांवर. पाठीला सुका भोपळा नाहीतर प्लास्टिकचा डबा बांधून विहिरीत ढकललेले आपले भाऊ पोहायला शिकले आणि आपण काठावर कपडे धूत राहिलो. आपल्यापैकी कितीतरी जणी कालवं काढायला कमरेएवढ्या पाण्यात जातात आणि पोहता येत नाही. त्यामुळे त्या ताईने मुलीला तलावावर घातलं याबद्दल तिचं कौतुकच. आमचा प्रश्न होता तो स्पर्धेचा, अंतराचा आणि वयाचा.

ही मोहीम म्हणजे नेमकं काय असतं ते आमच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत नव्हतं. आम्हांलाही नव्हतं. भरती-ओहोटीची वेळ साधून, बरेचदा अंधारातच, पाण्यात उतरायचं. मोठ्या, तयार माणसालाही हे अंतर कापायला आठ-नऊ तास सहज लागतात. बाजूने होडी चालते. होडीत प्रशिक्षक, निरीक्षक, घरचे. खाणं-पिणं होडीवरून पोचवतात, ते पाण्यातच तरंगत घ्यायचं. आणि एक कडक नियम असा, की पोहणाऱ्याने होडीला धरायचं नाही आणि होडीतल्या कोणी पोहणाऱ्याला आधार द्यायचा नाही. आधार दिला की मोहीम तिथेच रद्द.

हा नियम आम्ही बैठकीत वाचून दाखवला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "म्हणजे पोर रडत असली तरी आयशीनं हात नाय लावायचा?" नाही लावायचा. लावला तर मोहीम संपली, आणि 40 हजार पाण्यात. मोठ्या माणसाच्या बाबतीत हा नियम योग्यच आहे, त्याच्या कसाला त्याशिवाय अर्थ नाही. पण 9 वर्षांच्या लेकराला आठ तास हात लावायचा नाही, हे त्या आईने सही करताना नीट ऐकलं होतं का, याची आम्हांला शंका होती. विचारलं तर म्हणाली, "सरांनी सांगितलं होतं, पण एवढं खोलात नाही."

आता त्या ताईची बाजूही ऐका, कारण ती काही वेडी बाई नाही. तिचा नवरा मुंबईला, ती इथे सासू-सासऱ्यांचं करते, पापड लाटते, काजूच्या कारखान्यात जाते. ती म्हणाली, "आमच्या घरात कोणाचं नाव कधी कुठं छापून आलं नाही. पोरगी पाण्यात उतरली की सगळे बघत राहतात. मला वाटतं, हिला यातून पुढे नोकरी लागेल, खेळाडूंचा कोटा असतो." आणि तिने उदाहरण दिलं रूपाली रेपाळेचं. मुंबईच्या रूपाली रेपाळेने 1994 मध्ये, अवघ्या 12 वर्षांची असताना इंग्लिश खाडी पोहून पार केली. तेव्हाच्या शाळकरी मुलींपैकी अनेकींना ते नाव अजून आठवतं. अलीकडचं उदाहरण मुंबईच्याच जिया रायचं. स्वमग्नता असलेली ही मुलगी 2021 च्या फेब्रुवारीत, 12 वर्षांची असताना, वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवेपर्यंत 36 किलोमीटर पोहली. तिला 8 तास 40 मिनिटं लागली. तेव्हा मुलांना हे जमतच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. काही मुलांना जमतं, आणि जमलेल्यांचीच नावं आपल्यापर्यंत येतात. ज्यांना अर्ध्यातून बाहेर काढलं, ज्यांचे खांदे गेले, ज्यांनी पुढे पाण्याचं नाव घेतलं नाही, त्यांचा फलक कोण लावणार?

आणि ही दोन्ही उदाहरणं 12 वर्षांच्या मुलींची आहेत. आपली पोर 9 वर्षांची. या वयात तीन वर्षं म्हणजे केवढं अंतर, ते आई म्हणून आपल्याला कोणी सांगायला नको.

आता नियमांकडे येतो. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधली ही जी इंग्लिश खाडी, ती 1988 मध्ये टॉम ग्रेगरी नावाच्या इंग्रज मुलाने पार केली. वय 11 वर्षं. जवळजवळ 12 तास तो पाण्यात होता. त्याचा विक्रम आता कोणी मोडू शकत नाही, कारण पुढे खाडी पोहण्यासाठी किमान वय 16 ठरवून टाकलं. पोहणाऱ्यांच्याच संस्थांनी, आपण होऊन. ज्या पाण्यात विक्रम करायला सगळं जग धावतं, तिथेच 'सर्वांत लहान' ही शर्यत त्यांनी बंद केली. आपल्या जिया रायनेही इंग्लिश खाडी पार केली ती 2024 मध्ये, 16 व्या वर्षी.

जगभरच्या जलतरणाचे नियम ठरवणारी जी मोठी संघटना आहे, तिच्या खुल्या पाण्यातल्या कुमार स्पर्धा सुरूच होतात 14 व्या वर्षापासून. तेही 14-15 वर्षांच्या मुलामुलींना फक्त 5 किलोमीटर. 16-17 ला साडेसात. 18-19 ला 10. ऑलिंपिकमध्ये मोठ्यांची खुल्या पाण्यातली स्पर्धा 10 किलोमीटरची असते. हे आकडे आम्ही फळ्यावर लिहिले आणि खाली लिहिलं, आपली पोर, 9 वर्षं, 36 किलोमीटर. मग कोणी काही बोललं नाही. फलकाचे 3 हजार ज्यांनी आधी मोजले होते त्याही गप्प.

धावण्याचंही तसंच. मुंबईची मोठी मॅरेथॉन पळायला वय 18 पूर्ण लागतं. ओडिशातल्या बुधिया सिंगची गोष्ट काही जणींना आठवत असेल, त्याच्यावर 2016 मध्ये हिंदी सिनेमाही आला. भुवनेश्वरच्या झोपडपट्टीतला हा पोरगा. 2006 च्या मे महिन्यात, उन्हाळ्यात, पुरीपासून भुवनेश्वरपर्यंत 65 किलोमीटर धावला, 7 तास 2 मिनिटं. वय 4 वर्षं. मैत्रिणींनो, चार. आपल्या अंगणवाडीतलं पोर. लोकांनी टाळ्या वाजवल्या, टीव्हीवाले आले, शेवटी शेवटी पोर कोलमडलं. मग सरकारने मध्ये पडून त्याचं असं धावणं थांबवलं. पुढे मोठ्या शर्यतींत त्याचं नाव काही झळकलं नाही. गरिबाच्या पोराला शिखरावर चढवायला सगळे होते, आणि तिथून सांभाळून उतरवायचं कोणाच्या हिशेबात नव्हतं.

आता जे सांगणार आहोत ते आम्हांला एका सदस्येच्या भावाकडून समजलं. आपल्या रत्नागिरीतली कितीतरी घरं आखातातल्या नोकऱ्यांवर उभी आहेत. हा भाऊ तिकडे दुबईच्या बाजूला घोड्यांच्या तबेल्यावर कामाला होता, सुट्टीला आला होता. आमचा वाद ऐकून तो म्हणाला, "तुम्ही पोरांचं बोलताय, तिकडे घोड्यांचे नियम काय आहेत ते ऐका." तिकडे घोड्यांची एक लांब पल्ल्याची शर्यत असते. वाळवंटातून एका दिवसात 160 किलोमीटरपर्यंत. रत्नागिरीहून कोल्हापूर गाठून वर पुढे जाल एवढं. पण हे अंतर एका दमात नसतं, टप्पे पाडलेले असतात. प्रत्येक टप्प्यावर जनावरांचे डॉक्टर उभे. घोडा आला की ठरलेल्या मिनिटांच्या आत त्याच्या हृदयाचे ठोके खाली आले पाहिजेत, साधारण मिनिटाला 64 पर्यंत. नाही आले, किंवा लंगडतोय असं दिसलं, तर घोडा बाद. मालक शेख असो नाहीतर कोणी असो, डॉक्टरचा शब्द शेवटचा. कारण घोडा स्वतः थांबत नाही. टाच मारली की पळत राहतो, पार मरेपर्यंत पळतो. आणि त्या शर्यतीतही आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बसायला स्वाराचं वय 14 लागतं.

ऐकून आम्ही थक्क झालो. त्याच आखातात एके काळी उंटांच्या शर्यतीत चार-पाच वर्षांची पोरं उंटावर बांधून बसवत. वजन कमी म्हणून. पाकिस्तान, बांगलादेश, सुदान अशा ठिकाणांहून गरिबांची लेकरं नेलेली. जगभर ओरड झाली, आणि 2005 मध्ये संयुक्त अरब अमिरातीने कायदा करून 18 वर्षांखालच्या मुलांना उंटावर बसवणं बंद केलं. आता उंटाच्या पाठीवर छोटं यंत्र बसवतात आणि मालक बाजूने गाडीतून ते चालवतो. शर्यती काही थांबल्या नाहीत. पोरांशिवायही त्या मजेत चालतात. आपल्याकडेही बैलगाडा शर्यतीला परवानगी मिळाली ती बैलांच्या तपासणीच्या अटी घालूनच.

मग आम्ही बैठकीत विचारलं, घोड्याची नाडी टप्प्याटप्प्याला बघतात, बैलाला डॉक्टरचा दाखला लागतो, तर होडीतून आपल्या पोरीची नाडी कोण बघणार? तिला 'बाद' म्हणण्याचा अधिकार कोणाला? होडीत कोण कोण असणार ते मोजून पाहिलं. सर, ज्यांचं नाव होणार आहे. आई, जिने कर्ज काढलंय. मामा, जो मोबाइलवर शूटिंग करणार आहे. निरीक्षक असतो, पण तो पोरीला पहिल्यांदाच बघत असतो, ती एरवी किती बडबडी आहे आणि आता का गप्प झाली हे त्याला कसं कळणार? म्हणजे थांबवण्यात ज्याचं काही जात नाही आणि जो पोरीला ओळखतो, असा एकही माणूस त्या होडीत नव्हता. आम्हांला सगळ्यांत मोठा धोका हा वाटला. समुद्रापेक्षाही.

बैठकीत एका मावशींनी नेमका खोचक प्रश्न टाकला होता. म्हणाल्या, "आपली पोरं शाळेतून येऊन पाणी भरतात, आंब्याच्या दिवसांत पेट्या उचलतात, गुरांमागे डोंगर चढतात. तेव्हा त्यांचं वय कोणी काढत नाही, आणि पोहायचं म्हटलं की कायदे!" प्रश्न खरा आहे, टोचणारा आहे. पोरांवर कामाचा बोजा टाकतो तोही आपण बघायला हवा, यात शंका नाही. पण एक फरक आम्हांला दिसतो. डोंगर चढताना पोर दमलं की सावलीला बसतं. आपण ओरडतो, ते ऐकल्यासारखं करतं आणि तरीही बसतं. मोहिमेत त्याला बसता येत नाही. पैसे भरलेले, होडी ठरलेली, फलक छापलेला. पोर 'पुरे' म्हणत नाही, कारण त्याला दिसतं की आई किती आशेने बघतेय.

मुलीला आम्ही विचारलंच. तिच्या आईला बाजूला बसवून, खाऊ देत, सहज. आवडतं का पोहायला? आवडतं. सगळ्यांत जास्त काय आवडतं? सूर मारायला. लांब पोहायला? "आधी आवडतं, मग हात दुखतात. सर म्हणतात, आकडे मोजत राहा." आणि थांबावंसं वाटलं तर? त्यावर ती काही बोलली नाही. मान वळवून आई कुठे आहे ते बघितलं.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते थोडक्यात सांगतो. लहान मुलाच्या अंगाचा पसारा त्याच्या वजनाच्या मानाने मोठा असतो, त्यामुळे पाण्यात त्याच्या अंगातली ऊब मोठ्यांपेक्षा लवकर निघून जाते. कोकणातला समुद्र कोमट असला तरी तासन् तास पाण्यात राहिल्यावर थंडी वाजतेच. अंगातली साखरेची शिल्लकही कमी, ती लवकर संपते. या वयात हाडांची टोकं अजून वाढत असतात, खांद्यावर तीच ती हालचाल हजारो वेळा झाली की तिथे इजा होते, आणि ती पुढच्या वाढीला नडू शकते. मुलगी वयात येताना खर्च जास्त आणि खाणं कमी असं चालू राहिलं, तर पाळी लांबते, हाडं कच्ची राहतात.

"आपला समुद्र गरम, आपल्याला कसली भीती", असं सरांचं म्हणणं होतं. गरम पाण्याचाही धोका असतो, हे आम्हांला फ्रान क्रिपेनच्या गोष्टीवरून समजलं. हा अमेरिकेचा नावाजलेला जलतरणपटू, वय 26. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये संयुक्त अरब अमिरातीत फुजैरा इथे 10 किलोमीटरची स्पर्धा होती. पाणी आणि हवा दोन्ही तापलेली. पाण्यात घाम येऊन उपयोग नाही, तो सुकतच नाही, अंग आतून तापत जातं. हा शेवटच्या फेरीत कुठे दिसेनासा झाला ते कोणाच्या लक्षातही आलं नाही, आणि नंतर त्याचा मृतदेहच मिळाला. त्यानंतर पाणी 31 अंशांपेक्षा गरम असेल तर स्पर्धा घ्यायची नाही असा नियम आला. भर ताकदीचा, जगभर पोहलेला गडी, सोबत आंतरराष्ट्रीय स्पर्धेची व्यवस्था. आपल्याकडे काय? एक होडी.

नोकरीच्या कोट्याबद्दल मात्र नीट ऐका, कारण इथे बऱ्याच आयाबापांची फसगत होते. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, हे खरं. पण त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनांच्या ठरावीक स्पर्धांत मिळवलेला क्रमांक लागतो. पैसे भरून खासगी संस्थेकडून घेतलेलं विक्रमाचं प्रमाणपत्र, कितीही सोनेरी छपाईचं असलं तरी, तिथे चालत नाही. पोरीला त्या वाटेने न्यायचं तर शालेय क्रीडा स्पर्धा आहेत, त्यात 14 वर्षांखालचा गट असतो, त्यात तलावातली छोटी अंतरं असतात. चौकशी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायची, तिला पैसे लागत नाहीत. समुद्राचीच हौस असेल तर मालवणला चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा भरते, तिथे वयोगट पाडलेले असतात आणि लहानांना अंतर कमी. ताईला यातलं कोणी काही सांगितलं नव्हतं. तिला फक्त मोहिमेचा खर्च सांगितला होता.

पुढच्या बैठकीत ठराव झाला. 36 किलोमीटरच्या मोहिमेसाठी कर्ज द्यायचं नाही. तलावाची वर्षाची फी, एसटीचा पास आणि खाण्यापिण्याचा खर्च धरून 12 हजार द्यायचे, व्याज नेहमीच्या दोन टक्क्यांऐवजी एक टक्का. खुल्या समुद्रातल्या लांब पल्ल्यासाठी गटाचा पैसा वयाच्या 14 वर्षांआधी वापरायचा नाही. आणि फी भरायच्या आधी मुलीची आरोग्य तपासणी करून घ्यायची. ठरावाला दोघींचा विरोध होता, तोही वहीत लिहिलाय.

तपासणी झाली. मुलीचं हिमोग्लोबिन निघालं 9.8. या वयाला साडेअकरा तरी हवं. रोज दोन तास पोहणारी पोर, आणि रक्त एवढं! आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांना पंडुरोग आहे, तो पोरींमध्येही उतरतो, हे आपण दर वर्षी ऐकतो आणि विसरतो. या रक्तावर ती 36 किलोमीटर समुद्रात उतरणार होती, आणि कोणालाच माहीत नव्हतं. सरांनाही नाही. त्यांनी तिचा वेग मोजला होता, मिनिटं मोजली होती.

ताई नाराज आहे, ते लपवत नाही. म्हणाली, "चौदाव्या वर्षापर्यंत हिला कोण विचारणार? तेव्हा शंभर पोरी असतील." यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं, आणि आम्ही दिलंही नाही. तिने 12 हजार मात्र घेतले. पहिला हप्ता जानेवारीत आहे. सर म्हणाले, दुसरीकडून पैसे मिळाले तर मोहीम करूच. तो त्यांचा आणि तिच्या घरच्यांचा निर्णय. गटाच्या पैशाने नाही, एवढंच आमच्या हातात होतं. पण रक्ताचा कागद बघितल्यापासून मुलीच्या आजोबांनी मोहिमेचं नाव काढलेलं नाही. मुलीला लोहाची गोळी रोज चालू आहे, जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर, चहाबरोबर नाही. तीन महिन्यांनी परत तपासायचं आहे.

तुमच्या गटात अशी मागणी आली तर होडीत, रस्त्यावर, मैदानात, जिथे असेल तिथे पोराला कोण थांबवणार, त्याचं नाव आधी अर्जावर लिहून मागा. आमच्या अर्जात आता तसा रकाना केलाय. आणि शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं त्या दिवशी पोरांना घरी ठेवू नका, कार्ड जपून ठेवा, त्यावरचा हिमोग्लोबिनचा आकडा विचारून घ्या. आमच्या ग्रामसंघात पुढच्या शनिवारी आरोग्य उपकेंद्रात आठ ते चौदा वयाच्या मुलींची रक्ततपासणी ठेवली आहे, सकाळी दहा वाजता. मुलीला नाश्ता देऊनच आणा, उपाशीपोटी यायचं नाही.